परडी कुणाच्या हाती

धोंडुबाईंचा जीव जात नव्हता, आणि तो का जात नाही याबद्दल पुढच्या सोप्यात जमलेल्या भावकीत दुमत नव्हतं. एरवी या मंडळींचं बांधावरच्या दगडाबद्दलसुद्धा एकमत व्हायचं नाही. पण आज जो तो चहाचा कप खाली ठेवता ठेवता तेच सांगत होता. म्हातारीचा जीव परडीत अडकलाय.

यल्लम्माची ती बांबूची परडी आतल्या खोलीच्या कोनाड्यात होती. कवड्यांची माळ, भंडारा, देवीचा चांदीचा टाक. मुलगा उदयसिंह लहानपणी तापानं मरता मरता वाचला तेव्हा धोंडुबाईंनी त्याला सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन ती परडी घेतली होती. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या परडी घेऊन गावात पाच घरी जोगवा मागायच्या. दारात ट्रॅक्टर आला, गोठ्यात जर्सी गाई आल्या, तरी पदर पसरून लोकांच्या उंबऱ्याशी उभ्या राहायच्या, कारण रीतच तशी होती. थकल्यावर परडी सुनेच्या हाती द्यायची आणि सुनेनं ती पुढं चालवायची. लेकीला देऊन भागत नाही. लेक दुसऱ्या घरची.

आणि सून, क्रांती, गेल्या वर्षी ख्रिस्ती झाली होती.

या घडीला ती आत सासूच्या पाठीवरची जखम पुसत होती. अंथरुणाला खिळल्यापासून म्हातारीचं सगळं तीच करायची. धोंडुबाई तिला अंग पुसू द्यायच्या, लुगडं बदलू द्यायच्या, घाण काढू द्यायच्या. पाणी मात्र तिच्या हातचं प्यायच्या नाहीत. क्रांतीनं कोल्हापूरच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांनी तसं बोलून दाखवलं होतं, आणि बोललेलं मोडायची त्यांना सवय नव्हती. पाणी पाजायला शेजारची कुणीतरी यायची. आता बिद्रीहून थोरली लेक आक्का आली होती, ती पाजायची.

"सूनबाई, जरा भाईर ये," सोप्यातून हाक आली.

हाक गणपतरावांची होती. धोंडुबाईंचे धाकटे दीर, थोरला भाऊ गेल्यापासून घराचे कारभारी आणि गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. घरात बोलले तरी माईकवर बोलल्यासारखं वाटायचं. त्यांनी भावकीला खळ्यात पिटाळलं, दार ओढून घेतलं आणि उदयसिंह, आक्का आणि क्रांती असे तिघंच समोर बसवले. आतल्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"थोडक्यात सांगतो," ते म्हणाले. "आत जायचं, परडी हातात घ्यायची आन चालवतो म्हणायचं. म्हातारी सुटंल. पुढं तू काय करतीस ते कोण बघाय येतंय? कोनाड्यात ठिव. रविवारी वडापच्या जीपनं कोल्हापूरला जातीस, जा की. कोण आडवतंय तुला?"

संस्थेतले पेच ते असेच सोडवायचे. आधी सही, मग काय ते बघू.

"तात्या, परडी हातात घिऊन खोटं बोलू?" क्रांतीनं विचारलं.

"खोटं कसलं आलंय त्यात? मरत्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोलायचं आसतंय."

"आत्याबाई ते खोटंच घिऊन जातील की मग."

"ऐका हिचं!" गणपतरावांनी मांडीवर थाप मारली. "गेल्यावर त्येस्नी काय कळतंय?"

"तुमच्या म्हणण्यापरमानं काय कळत न्हाई. मग जीव अडकलाय कशाला म्हणता?"

गणपतराव लाल झाले. आक्का मात्र रागावली नाही. ती पुढं सरकली आणि तिनं क्रांतीचा हात धरला. रागावली असती तर परवडलं असतं.

"क्रांती, माजी आई तडफडायलीया. तू रोज बघतीस. तुजा देव दयाळू हाय म्हणतीस न्हवं? मग ह्यो कसला दयाळू? दोन शब्दांनी म्हातारी सुखानं जाईल, आन तू तोंड मिटून बसणार?"

खरं तर हाच प्रश्न क्रांती सकाळपासून स्वतःला विचारत होती, आणि तिच्या देवानं अजून काही सांगितलं नव्हतं.

"व्हय वन्सं," ती म्हणाली. "त्येच मला उमगंना झालंय."

"मग घे की!" गणपतराव ओरडले. "तुला ह्या घरात काय कमी हुतं गं? कुणी नादी लावलं तुला?"

क्रांती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, पण तो थांबवता येण्यासारखाही नव्हता.

"सम्राट गेला तवा समदी आली हुती भेटाय," ती म्हणाली. सम्राट तिचा एकुलता एक. कॉलेजातून मोटारसायकलवरून येताना वडगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. "येणारा परत्येक जण कारण घिऊन आलता. एक म्हणला, परडीचा मंगळवार चुकला आसंल. एक म्हणली, सुनंनं सोवळं पाळलं न्हाई. ट्रॉलीला दिवा नव्हता आसं एकबी म्हणलं न्हाई. माजंच काय तर चुकलंय आसं सगळी धुंडत हुती, आन मीबी धुंडत हुतो. एक दिवस गोठ्यात उसावर मारायच्या औषधाची बाटली हातात घिऊन बसलोतो. टोपण काडलं हुतं. ठावं हाय कुणाला?"

उदयसिंहनं मान वर केली. त्याला ठाऊक नव्हतं.

"तवा अंबूबाई दारात आल्या. दवाखान्यात सम्राटचं अंग पुसायच्या त्या. त्येंनी कारण न्हाई सांगितलं. माज्याजवळ शेणात बसल्या. मग म्हणल्या, आमच्या देवाचाबी ल्योक आसाच तरणाताठा गेला, आईच्या डोळ्यांदेखत. त्येला हे दुखणं म्हाईत हाय, त्येच्याजवळ रड."

"आन मग? सम्राट आला काय माघारी?"

"न्हाई तात्या."

"मग मिळालं काय तुला?"

"सकाळी उठायला कारण मिळालं." क्रांतीचे डोळे भरले होते, पण ती थेट गणपतरावांकडे बघत होती. "आदीबी हीच कामं करत हुतो. धारा काडायच्या, शेण काडायचं, भाकऱ्या थापायच्या. पोर गेल्यावर त्यात काय राम न्हाई राहिला. समदं मातीत चाललंय आसं वाटायचं. आता त्येच करतो, पण कुणासाठी करतो ते म्हाईत हाय. ह्यातलं काय वाया जात न्हाई. माजा सम्राटबी वाया गेल्याला न्हाई. तात्या, हे मी तोंडानं एकदा सोडलं की सुटलं. मग मी माघारी त्या बाटलीपाशी. म्हणून घेत न्हाई."

आक्कानं धरलेला हात सोडला नव्हता. तिनं नवऱ्याचं मरण पाहिलं होतं, वाटणीची भांडणं पाहिली होती, आणि कोण कुठं पोचलंय हे तिला माणसाच्या आवाजावरून कळायचं. क्रांती आता हलायची नाही हे ओळखून ती हळूच भावाकडं वळली.

"मग उदय, तूच घे की परडी."

"मी?"

"तुज्या जिवासाठी घेतल्याली हाय. डोंगरावर बापय माणसंबी आसत्यात परडीवाली. घे."

उदयसिंहनं उपरणं झटकलं, परत खांद्यावर टाकलं. त्याच्या मनात काय चाललंय हे त्यानं आजवर कुणालाही कळू दिलं नव्हतं. अठ्ठेचाळिशीचा गडी, ऊसतोडीच्या टोळ्या हाताखाली वागवणारा, पण मंगळवारी आई जोगवा मागून येईपर्यंत गाडी हळू चालवायचा. आता आई पडल्या पडल्या कोनाड्याकडं बघत राहायची. आई गेली आणि परडी बंद पडली तर आपलं काय, हा एकच विचार त्याला खात होता. आई मरतेय आणि आपल्याला आपल्याच जिवाची पडलीय, याची लाजही वाटत होती. बायकोनं परडी घ्यावी म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता. पण स्वतः?

"येड्यागत बोलू नगंस आक्का," तो म्हणाला. "मी पदर पसरून दारोदार हिंडू? चौकातली पोरं टाळ्या पिटतील."

"म्हंजे जिवापरीस मिशी मोठी तुजी."

"गप बस! तुला काय हुतंय बोलाय?"

"मला एवढंच हुतंय," आक्का म्हणाली, "की हिला न्हाई म्हणायला निदान देव तरी हाय. तू कुणासाठी न्हाई म्हणतोयास?"

गणपतरावांनी हे पुढं चालू दिलं नाही. ते उठून उभे राहिले. ठराव मांडायचा असला की ते उभे राहायचे.

"उदय, तुज्यादेखत सांगतो. परडी घेतली तर ह्यो सगळा बारदाना हिचा. न्हाई घेतली तर म्हातारीचं दिवस झालं की हिला माहेरी पोचवायची. माज्या वैनीला आडकवून ठेवणारी बाई ह्या घरात नगं. बोल, काय म्हणतोस?"

तिघांनीही उदयसिंहकडं पाहिलं. तो खाली बघत पायानं चप्पल चाचपू लागला.

"तात्या म्हणतील तसं," तो म्हणाला.

क्रांतीनं ते ऐकलं. ज्या माणसाच्या शेजारी बसून तिनं पोराच्या चितेचा धूर पाहिला होता, त्यानं एवढंच म्हटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती आत गेली.

पाठोपाठ गणपतराव आले आणि त्यांनी आपला जन्मभराचा हातखंडा वापरला. म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं सही केली. कोनाड्यातली परडी काढून त्यांनी ती धोंडुबाईंच्या छातीवर ठेवली आणि मोठ्यांदा म्हणाले, "वैनी! सूनबाई आल्याती परडी घ्याय! घेतली त्येंनी!"

उंबऱ्यात उभ्या असलेल्या आक्कानं आईचा चेहरा पाहिला. कित्येक दिवसांत तिथं काही हललं नव्हतं. आता गालाच्या सुरकुत्या थरथरल्या, ओठ हसण्यासारखे झाले, आणि म्हातारीनं दोन्ही हातांनी परडी उचलायचा प्रयत्न केला. हात वर येईनात. आक्काला हुंदका फुटला. तिला वाटलं, सुटलो. आता क्रांतीनं नुसतं गप्प राहावं. बोलूही नये, नुसतं गप्प राहावं.

क्रांती खाटेशी गुडघे टेकून बसली.

"आत्याबाई, तात्या म्हणले ते खरं न्हाई. मी परडी घ्याय आलो न्हाई. माज्यानं व्हायचं न्हाई ते."

आक्काचा हात तिला मारायला उठला होता. खरंच उठला होता. आईच्या चेहऱ्यावरचं ते हसू विझताना बघणं हे तिनं आजवर पाहिलेल्या सगळ्या मरणांपेक्षा वाईट होतं. गणपतराव शिव्या घालत सोप्यात निघून गेले.

"मग माज्या उदयचं काय?" धोंडुबाईंचा आवाज अगदी आतून आला.

क्रांतीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "त्येंच्यासाठी मी मागणं मागतो आत्याबाई. रोज. सकाळी आन सांजचं."

"कुणाला?"

"माज्या देवाला."

"भाईरचं ऐकलंय मी समदं. पडदा म्हंजे काय भित हाय?" म्हातारी दम खात होती. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "नेम चुकवशील."

"न्हाई चुकवणार."

"अंगात ताप आसला तर?"

"तरीबी."

"पाय चालत हुतं तवर एकबी मंगळवार चुकवला न्हाई मी. उगंच बोलत्यात लोक. सम्राट गेला त्या आठवड्यातबी न्हाई चुकवला."

"मला म्हाईत हाय आत्याबाई."

"आन त्येनं तुला घराभाईर काडलं तर? तरी मागशील त्येच्यासाठी?"

क्रांतीनं सोप्याच्या पडद्याकडं पाहिलं. बाहेरच्या गोठ्यात एक गाय हंबरली.

"तरीबी," क्रांती म्हणाली.

धोंडुबाई तिच्याकडं बघत राहिल्या. आक्काला त्या घटकेला एक गोष्ट कळली आणि ती कळल्यावर तिला फार एकटं वाटलं. या घरात नेम म्हणजे काय हे फक्त या दोघींनाच माहीत होतं. बाकीचे सगळे, ती स्वतः धरून, वेळ निभावून नेणारे होते.

म्हातारीनं क्रांतीच्या पदराला धरून तिला खाली ओढलं आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. उंबऱ्यात उभ्या आक्काला ते ऐकू आलं नाही. क्रांतीनं नुसती मान हलवली. मग धोंडुबाईंनी मान उशीवर टाकली.

"परडी डोंगरावर पोचवा," त्या आक्काला म्हणाल्या. "देवीची देवीला."

त्यांचे ओठ कोरडे पडले होते. क्रांतीनं न राहवून पाण्याची वाटी उचलली, चमचा भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. धोंडुबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"तुज्या हातचं न्हाई," दातांतूनच त्या म्हणाल्या. "बोललोय मी."

क्रांतीनं वाटी आक्काच्या हातात दिली. आईनं लेकीच्या हातचे दोन घोट घेतले, तिसरा ओठांतून उशीवर ओघळला. धारांच्या वेळेआधीच त्या गेल्या. त्या सुखानं गेल्या असं आक्काला पुढं कधी कुणाला सांगता आलं नाही, आणि दुःखानं गेल्या असंही म्हणवेना.

रडारड उठली. अंगणात चूल मांडून पाणी तापवलं, खाट बाहेर आणली. भावकीतल्या बायका म्हातारीला अंघोळ घालायला सरसावल्या तेव्हा गणपतरावांनी हात वर करून बजावलं, "हिला शिवू द्यायचं न्हाई." ज्या पाठीची एकेक जखम क्रांतीला पाठ होती, त्या पाठीवर बायका घाईघाईनं तांब्या ओतत होत्या. जखमेवर पाणी जोरात ओतू नका असं सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि मग आता त्याचा उपयोग नाही हे तिच्या लक्षात आलं. ती भिंतीला टेकून रडली. कुणी जवळ आलं नाही. आक्का आली असती, पण ती आईचं डोकं धरून बसली होती. गोठ्यात गाई ओरडायला लागल्या होत्या. मेलेलं माणूस दारात असलं तरी सडाला दूध तुंबतंच. क्रांती बादली घेऊन गोठ्यात गेली.

सरणाच्या शेणी, म्हणजे वाळल्या गोवऱ्या, गोठ्यामागच्या छपरात रचलेल्या होत्या. पोरं आणायला निघाली होती, पण उदयसिंह म्हणाला, मी आणतो. त्याला माणसांत उभं राहवत नव्हतं. पाटी भरून तो वळला तर समोर क्रांती गाईच्या कासेशी बसलेली. तो तसाच उभा राहिला.

"दिवस झालं की तुला पोचवायची म्हणतात तात्या."

"ऐकलं मी."

"मी काय बोलणार त्यात?"

दुधाची धार बादलीत पडत राहिली. उदयसिंह जाईल असं तिला वाटलं होतं. तो गेला नाही.

"आक्का म्हणली, आई तुज्या कानात बोलली. काय बोलली?"

तिनं बादली बाजूला सरकवली. "तुमचं नाव सांगितलं."

"माजं नाव? तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"म्हणल्या, तुज्या देवाला उदयसिंह म्हणून सांगू नगंस, त्येला कळायचं न्हाई कोण त्ये. उदयसिंह शाळंत घालताना ठेवलं. डोंगरावर देवीच्या पायाशी घातलं तवा ठेवल्यालं नाव सांग. यल्लाप्पा."

उदयसिंहच्या हातातली पाटी कलली आणि दोन शेणी खाली पडल्या. त्या नावानं त्याला आईशिवाय कुणी हाक मारली नव्हती. तीही तो आजारी पडला तरच मारायची, कपाळावर हात ठेवून. आज दुपारी आईचे डोळे मिटताना आपलं ते नाव जगातून संपलं, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. आता ते दुसऱ्या एका बाईच्या तोंडी होतं, आणि या बाईला तो घराबाहेर काढणार होता.

"माहेरी गेल्यावरबी म्हणशील?" त्यानं विचारलं.

म्हणजे पोचवणार हे पक्कं होतं. क्रांतीला या माणसाच्या कानशिलात द्यावी असंही वाटलं आणि त्याला जवळ घ्यावं असंही वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही.

"म्हणीन. शबूद दिलाय त्येस्नी."

"आजचं झालं?"

"सकाळचं झालं. सांजचं न्हाई अजून."

अंगणातून गणपतरावांची हाक आली. "उदय! शेणी आण रं! खोळंबा झालाय सगळा!"

उदयसिंहनं दाराकडं पाहिलं, मग तिच्याकडं. हातातली पाटी त्यानं खाली ठेवली.

"मग म्हण," तो म्हणाला. "मी थांबतो."